छज्ज्यावरच्या माणसाचा परवाना

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आला: यापुढे 'सर्टिफाइड' असेल त्याच एसी मेकॅनिकला वॉचमनने आत सोडायचं. कारण ताजं होतं. बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर आउटडोअर युनिट बसवताना ब्रॅकेटचा एक बोल्ट भिंतीतून उपटून आला आणि तीस-पस्तीस किलोंचं धूड पार्किंगमध्ये आदळलं. खाली एका सभासदाची स्कूटर होती, तिचा चुरा झाला. माणूस कुणी नव्हता, हे नशीब. त्यावर सभा दीड तास चालली. एक गट म्हणाला, सरकारने एसीवाल्यांना परवाना सक्तीचा करावा, अमेरिकेत असतोच ना! दुसरा गट म्हणाला, परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि टेबलाखालून आणखी एक पाकीट, झालं तेवढं परवानाराज पुरे. स्कूटरची भरपाई निघाली, सोसायटीचा विमा निघाला, वॉचमनची झोप निघाली. युनिट निसटलं तेव्हा त्याचं दुसरं टोक धरून छज्ज्यावर जो मुलगा उभा होता तो वाचला कसा, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला ते घरी येऊन पाणी पिताना सुचलं.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हा वाद मला नवा नाही. दर उन्हाळ्यात कुठेतरी कॉम्प्रेसर फुटतो, कुठेतरी मेकॅनिक पडतो, आणि हाच वाद याच दोन टोकांवरून खेळला जातो. एक टोक ग्राहकाची बाजू घेतं, दुसरं टोक सरकारवरचा अविश्वास मांडतं. दोन्हीकडे मेकॅनिक हा वादाचा विषय असतो, वादातला पक्ष नसतो. माझं मत असं आहे की परवाना हवा, पण तो आधी मेकॅनिकसाठी हवा. ज्याच्या खिशात तो आहे त्याला 'असं काम मी करणार नाही' असं मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. तेवढं बळ जो परवाना देणार नसेल तो फक्त लॅमिनेट केलेला कागद आहे, आणि तसला कागद येण्यापेक्षा न आलेला बरा.

आधी आज काय आहे ते बघू. घरात तारा ओढायच्या तर वायरमनला परवाना लागतो. १९५६ च्या विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमाने हे काम परवानाधारक कंत्राटदाराचं आणि त्याच्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालचं ठरवलं, आणि पुढच्या नियमांनीही तेच तत्त्व ठेवलं. रिक्षा चालवायची तर लायसन्स लागतं, बॅज लागतो, गाडीला परमिट लागतं. कारखान्यात बॉयलर चालवायचा तर बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एसीला मात्र काही लागत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण तो केल्याशिवाय हे काम करू नये असं कुठे लिहिलेलं नाही. आज सकाळी ज्याने पहिल्यांदा पाना हातात धरला तो संध्याकाळी तुमच्या बेडरूममध्ये गॅस भरू शकतो, आणि त्यात बेकायदा काही नसतं. सॉकेटपर्यंत कायदा आहे, सॉकेटच्या पुढे उस्ताद.

इतकी वर्षं हे खपलं कसं? त्याचं उत्तर गॅसमध्ये आहे, आणि या वादात गॅसबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार नवल वाटतं. शंभर वर्षांपूर्वीच्या रेफ्रिजरेटरांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले गॅस असत. गळती झाली की माणसं गुदमरायची, मरायचीसुद्धा. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली या अमेरिकी तंत्रज्ञाच्या चमूने फ्रिऑन शोधला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो गॅस स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झालं. माझ्या मते एसीच्या धंद्याला परवाना लागला नाही तो त्या फुंकरीमुळे. गॅसच इतका सोशीक, की शिकाऊ पोराने चुकीचा भरला तरी फार तर एसी थंड करणार नाही. पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हेच निरुपद्रवी गॅस वर जाऊन ओझोन खातात. १९८७ चा माँट्रियल करार त्यातून आला. आपल्याकडचा आर-२२ हा त्याच कुळातला. नवी यंत्रं बनवताना त्याचा वापर आपण २०२४ अखेर संपवला.

त्याच्या जागी काय आलं? आधी आर-४१०ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो हवेत सोडणं म्हणजे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. मग आर-३२ आला, आज बहुतेक नव्या स्प्लिट एसींमध्ये तोच असतो. तापमानवाढीच्या हिशोबाने तो आर-४१०ए च्या साधारण एक तृतीयांश. पण तो पेटतो. सहजासहजी नाही, पण पेटतो. आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. गोदरेजने त्यावर चालणारे एसी २०१२ पासूनच भारतात विकायला सुरुवात केली. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीप्रमाणे २०२८ मध्ये आपल्याला आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या हायड्रोफ्लुरोकार्बन गॅसांचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून उतरवत न्यायचा आहे. म्हणजे पुढचा गॅस बहुधा आणखी ज्वालाग्राही असेल. मिजलीच्या मेणबत्तीपासून निघून आपण पुन्हा मेणबत्तीपाशी पोचलो आहोत, फक्त आता फुंकर मारायची सोय उरलेली नाही. धंद्याची रीत जुन्या सोशीक गॅसची, आणि सिलिंडरमध्ये नवा तापट गॅस, ही खरी अडचण आहे. 'पंचवीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही' हे उस्तादाचं वाक्य खरं आहे, पण ती पंचवीस वर्षं दुसऱ्या गॅसची होती.

आता एक काम जरा जवळून बघा. स्प्लिट एसी बसवताना आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडतात. नळीचं टोक फुलवून, फ्लेअर करून, नटाखाली दाबतात. मग नळ्यांत अडकलेली हवा आणि त्या हवेतली ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची असते. पंप चालवायचा, गेजचा काटा खाली गेला की बंद करायचा आणि थांबायचं. काटा वर सरकला तर कुठेतरी गळतंय. सगळं नीट केलं तर यात अर्धा-पाऊण तास जातो. याऐवजी सर्रास काय करतात? बाहेरच्या युनिटचा व्हॉल्व्ह जरासा उघडून आत आधीच भरलेला गॅस नळीत सोडतात, तो हवेला ढकलत दुसऱ्या टोकाने फुस्स करून बाहेर पडतो, की बंद. दहा सेकंद. एसी थंड करतो, गिऱ्हाईक चहा पाजतं. उरलेली ओल तेलात आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसर तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात दम तोडतो, पण तोवर कोण आठवतं? जुन्या गॅसच्या वेळी प्रकरण एवढ्यावरच मिटायचं. आता तो फुस्स पेटणारा आहे, आणि शेजारच्या छज्ज्यावर हेल्परच्या ओठात बिडी असते. त्याहून वाईट एक खोड आहे. गळती तपासायला नायट्रोजनचा दाब द्यायचा असतो. नायट्रोजनचा सिलिंडर जवळ नसला तर वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन लावणारे मी पाहिले आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की ठिणगीचीही वाट बघत नाही. तसंच पाइपात हवा शिरलेली असताना पंप-डाउन केलं, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला, तर आतलं तेल-हवेचं मिश्रण डिझेल इंजिनासारखं दाबानेच पेटतं. जपानसारख्या देशातल्या सरकारी यंत्रणांनाही याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे द्यावे लागले आहेत.

म्हणजे प्रशिक्षण हवं, एवढंच ना? इथे मी माझ्याच जुन्या समजुतीशी भांडतो. नोकरीत असताना मलाही वाटायचं की पोरांना शिकवलं की झालं. मग एकदा माझाच एक विद्यार्थी, व्हॅक्यूमच्या प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण घेतलेला, माझ्याच बहिणीच्या घरी एसी बसवायला आला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने दहा सेकंदांत फुस्स केलं. मी नुसता बघत राहिलो. तो खजील झाला आणि म्हणाला, "सर, पंप खाली गाडीत आहे. पण वर आणला तर शेवटचे दोन कॉल जातात." एप्रिल होता. ठेकेदार त्याला दिवसाला सात-आठ कॉल देत होता, पैसे कॉलमागे, आणि कॉल राहिला तर दंड. त्या पाऊण तासाचे पैसे त्याला कुणीच देत नव्हतं. ना कंपनी, ना ठेकेदार, ना माझी बहीण. त्याला सगळं येत होतं. 'नाही' तेवढं म्हणता येत नव्हतं.

भारताच्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये, जो मार्च २०१९ मध्ये आला, २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. चांगलं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला हे दोघे उद्या सकाळी ठेकेदाराच्या दारात उभे राहिले आणि दोघांनाही तेच काम त्याच दरात करायची मुभा असली, तर काम कुणाला मिळेल? जो पंप गाडीतच ठेवतो त्याला. ऐच्छिक प्रमाणपत्राची हीच गोची आहे. ते चांगल्या माणसाला चांगलं काम करायला शिकवतं आणि मग बाजारात त्याला त्याची शिक्षा मिळते. सक्तीचा परवाना हे गणित बदलतो. नीट न केलेल्या कामाने परवाना जाणार असेल, आणि त्याच्या जागी बिनपरवान्याचा पोरगा उभा करणं ठेकेदाराला परवडणार नसेल, तर तो पाऊण तास आपोआप दरात चढतो. 'साहेब, व्हॅक्यूम न करता माझी सही होणार नाही' हे वाक्य मग उद्धटपणा राहत नाही.

आता विरुद्ध बाजूचं. तिचे काही मुद्दे भक्कम आहेत आणि सभेत ते फार ढिसाळपणे मांडले गेले, म्हणून मीच जरा नीट मांडतो.

पहिला मुद्दा पोटाचा. या धंद्यातली बहुतेक माणसं आयटीआय बघितलेलीच नाहीत. कुणी बीडहून आलेला, कुणी आझमगडहून. कुर्ल्यात किंवा मुंब्र्यात एखाद्या उस्तादाच्या हाताखाली दोन-तीन उन्हाळे शिडी उचलायची, मग पाना, मग गेज, अशी ती शाळा. दहावीच्या मार्कशीटची अट घातलीत तर उत्तम हात असलेली निम्मी माणसं एका रात्रीत गुन्हेगार होतील. शिवाय परवान्याची चाळणी कुणासाठी वापरली जाईल, याचीही शंका खोटी नाही. रिक्षा परवान्याला मराठी बोलता येण्याची अट घातली गेली, मुंबई उच्च न्यायालयाने ती २०१७ मध्ये रद्द केली, हे फार जुनं नाही. मला मराठीचा अभिमान आहे, पण फ्लेअर गळतो की नाही याचा मातृभाषेशी काय संबंध?

दुसरा मुद्दा लाचेचा, आणि तो सगळ्यात जड. दिल्लीत ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लायसन्स मिळालेल्यांतल्या बहुसंख्यांनी परीक्षाच दिलेली नव्हती, आणि त्यांची स्वतंत्र चाचणी घेतली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांना धड गाडी चालवता येत नव्हती. एजंट होता ना! परवाना होता, कौशल्य नव्हतं, आणि रस्ता पूर्वीइतकाच धोक्याचा. एसीचं याहून वेगळं काय होणार? फेरीवाल्यांचंच बघा. परवाने मोजके ठेवल्याने फेरीवाले कमी झाले नाहीत, हप्ते मात्र ठरून गेले.

तिसरा मुद्दा अमेरिकेचा, आणि तिथे मी 'परदेशात असतो ना' म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. तिथलं चित्र लोकांना वाटतं तेवढं सरळ नाही. गॅस हाताळायला केंद्राचं प्रमाणपत्र १९९४ पासून सक्तीचं आहे, पण ती लेखी परीक्षा आहे, पर्याय निवडायची. एकदा पास झालात की जन्मभर चालते. नळीला हात न लावता पास होता येतं. त्यावर धंद्याचा परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा: कॅलिफोर्नियात कंत्राटदाराला चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तर काही राज्यांत राज्य पातळीवरचा परवानाच नाही. शिवाय तिथे परवान्यांचं पीक इतकं माजलं की १९५० च्या दशकात शंभरातल्या पाचेक कामगारांना परवाना लागायचा, तो आता पंचवीसच्या आसपास जणांना लागतो. त्याने किंमती वाढतात आणि गरिबांना धंद्यात शिरणं कठीण होतं, हे त्यांच्याच सरकारने २०१५ साली मान्य केलं. ते सगळं उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. एकच गोष्ट घेण्यासारखी आहे, तिच्याकडे मी येतो.

हे सगळं मान्य करूनही मी परवान्याच्या बाजूने का? कारण हे आक्षेप परवान्याच्या एका विशिष्ट जातीवर आहेत. ती जात म्हणजे ज्यात सगळं ओझं सगळ्यात दुबळ्या माणसावर टाकलेलं असतं. फेरीवाला एकटा, रिक्षावाला एकटा, समोर खिडकी, खिडकीत बाबू. पण आपल्याच राज्यात परवान्याची दुसरी जातही आहे, तिच्याकडे बघायला कुणी तयार नाही.

१८६३ साली कोलकात्यात एक बॉयलर फुटला, माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलरचा कायदा केला. त्या परंपरेतून पुढे १९२३ चा देशव्यापी कायदा आला, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. १९२३ च्या कायद्याचं सहावं कलम काढून वाचा. 'अटेंडंटने प्रमाणपत्राशिवाय काम करू नये' असं ते म्हणत नव्हतं. ते म्हणायचं, मालकाने बॉयलर वापरू नये, जोवर तो प्रमाणपत्रधारक माणसाच्या ताब्यात नाही. बंदी मालकावर होती. वाक्याचा कर्ता बदलला की सगळं बदलतं. प्रमाणपत्रधारक माणूस मिळवणं ही मालकाची गरज होते, तो मालकाच्या दारात उमेदवार म्हणून न येता अट म्हणून येतो. कारखान्यात अटेंडंटला 'आज प्रेशर जरा जास्त ठेव' म्हणणं किती अवघड आहे ते ज्याने काम केलंय त्याला विचारा.

दुसरं उदाहरण गिरणगावातलं. मुंबईच्या गिरण्यांत नोकरी जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असायची. सकाळी फाटकाबाहेर बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम मागणारे, उभे राहायचे, जॉबर बोट दाखवील तो आत, आणि बोटाचीही किंमत असायची. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्डं द्यायची पद्धत आणली. मालकांनी ती स्वतःच्या सोयीसाठी आणली, साधुत्वाने नव्हे, आणि जॉबर काही दुसऱ्या दिवशी नाहीसा झाला नाही. पण ज्याच्याकडे कार्ड होतं त्याला फाटकाबाहेर उभं राहण्याचा काहीतरी हक्क आला, नुसती मेहेरबानी उरली नाही. आजचा एसी ठेकेदार तो जॉबरच आहे. फाटकाच्या जागी मोबाइल आलाय एवढंच.

आणि तिसरं, आपलं अगदी घरचं, माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली जो कायदा आला त्याने हमालाची नोंदणी केली, आणि मालकाचीही केली. मजुरी मंडळाकडे जमा, वर मालकाकडून लेव्ही म्हणजे जादा रक्कम, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि औषधपाणी. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. ज्याला कुणी नाव विचारत नव्हतं त्या पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाच्या छातीवर बिल्ला आला. पुढे माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही आल्या, हे मी झाकत नाही. बांधकामाच्या साइटवर त्यांचा त्रास अनेकांनी भोगला आहे. पण नवी मुंबईच्या बाजार आवारात जाऊन कुणी असं म्हणेल का, की त्या टोळ्यांमुळे १९६९ चा कायदाच नको होता? दुरुपयोग होईल म्हणून हक्कच नको, हा युक्तिवाद नेहमी ज्यांच्याकडे हक्क आधीच आहेत तेच करतात.

तर मला हवा असलेला परवाना कसा? तो सगळ्या धंद्यावर नसावा. फिल्टर धुणं, जेट पंपाने सर्व्हिस करणं, रिमोट बदलणं याला परवाना कशाला? तो फक्त गॅसच्या परिपथाला हात लावण्यासाठी आणि उंचीवरच्या कामासाठी असावा. परीक्षा हाताची: फ्लेअर करून दाखव, व्हॅक्यूम धरून दाखव, जुना गॅस हवेत न सोडता रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढून दाखव, हार्नेस म्हणजे उंचीवरचा सुरक्षा-पट्टा बांधून दाखव. तोंडी प्रश्न उमेदवाराला येत असेल त्या भाषेत. मार्कशीट नको. अनुभवी उस्तादांसाठी वेगळी वाट असावी. त्यालाही इथला दाखला आहे: १९३८ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली, तेव्हा आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी ठेवली होती. वैद्यांना जे चाललं ते मेकॅनिकला का चालू नये? उलट त्या उस्तादांनाच परीक्षक नेमा. माझ्या अनुभवात त्यांच्याइतका कडक परीक्षक मिळत नाही. पोराच्या नटावर नुसतं बोट फिरवून 'गळणार' म्हणतात, आणि गळतो.

लाचेचं काय? लाच पूर्ण थांबेल असं मी म्हणणार नाही, मी या देशातच नोकरी केली आहे. पण दिल्लीच्या लायसन्समध्ये लाच इतकी सुखाने का नांदली ते बघा. कच्चा ड्रायव्हर रस्त्यावर आला तर त्याचं लायसन्स देणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं, आणि त्याला गाडी देणाऱ्याचंही फारसं नाही. एसीत तसं राहू द्यायचं नसेल तर बॉयलरचं वाक्य वापरायचं: ज्या कंपनीचा किंवा ज्या ॲपचा कॉल आहे तिने बिनपरवान्याचा माणूस पाठवायचा नाही, आणि पाठवला व अपघात झाला तर नुकसानभरपाई तिची. मग खोटं कार्ड घेऊन आलेला माणूस कंपनीलाच महाग पडेल, आणि ती स्वतः त्याची परीक्षा घेईल. अमेरिकेकडून घ्यायची ती एक गोष्टही इथेच बसते. तिथे मोठ्या सिलिंडरातला गॅस प्रमाणपत्रधारकालाच विकता येतो. इथे आज बाजारात जाऊन कुणीही सिलिंडर उचलतो, आणि त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही नेहमी माहीत नसतं. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीत-कंटेनरांत भेसळीचा गॅस भरला गेला, त्यातल्या मिथिल क्लोराइडने ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेटणारं संयुग तयार केलं, आणि तीन कामगार मेले. शंभर वर्षांपूर्वीचा तोच मिथिल क्लोराइड! दुकानातल्या विक्रीच्या वहीवर नजर ठेवणं लाखभर मेकॅनिकांच्या मागे इन्स्पेक्टर लावण्यापेक्षा सोपं आहे, आणि त्यात गरीब माणसाच्या खिशात हात घालायची संधीही कमी.

एसी बसवणं यामुळे महागेल. महागू दे. चाळीस हजारांचा एसी घेणाऱ्याला त्या पाऊण तासाचे चार-पाचशे रुपये जड जात नाहीत. ते आजवर मुलाच्या जिवातून कापले जात होते, ते आता बिलात दिसतील. जुना एसी घेणाऱ्या, पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला मात्र ते जड जातील, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दरवर्षी तापत चाललेल्या शहरात हा प्रश्न छोटा नाही. पण स्वस्त गारव्याची किंमत त्याच्याच शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मेकॅनिकने द्यावी, हे उत्तर तर नक्कीच नव्हे.

आमच्या सोसायटीने ठराव मंजूर केला. दुसऱ्याच आठवड्यात वॉचमनने पन्नाशीच्या एका कारागिराला गेटवरून परत पाठवलं, कारण त्याच्याकडे कार्ड नव्हतं. या माणसाच्या हातचे एसी आमच्या विंगेत पंधरा वर्षं चालू आहेत. त्याच दिवशी गळ्यात कार्ड घातलेला एक मुलगा आत गेला. मी त्याला लिफ्टमध्ये विचारलं, कोर्स किती दिवसांचा होता? "अर्धा दिवस, काका. दुपारी जेवण होतं," तो हसत म्हणाला. सहाव्या मजल्यावर तो खिडकीतून बाहेर उतरला तेव्हा त्याच्या कमरेला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती आणि तिचं दुसरं टोक खिडकीच्या ग्रिलला. मी त्याला आत ये म्हटलं. तो म्हणाला, "काका, हार्नेस अडकवायला तुमच्या बिल्डिंगला हूक कुठेयत?"

गच्चीवर आणि डक्टमध्ये असे हूक बसवून घ्यावेत, असा अर्ज मी सेक्रेटरींकडे दिला आहे. कार्डाच्या ठरावाला पैसे लागत नव्हते, तो त्याच सभेत मंजूर झाला होता. हुकांचं कोटेशन एक लाख ऐंशी हजारांचं आलं. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे, आणि पुढची सभा पावसाळ्यानंतर आहे.